कलाभवन ते मकरपुरा

माझा धंदा मोजामोजीचा. बँका कारखान्यांना माल तारण ठेवून कर्ज देतात आणि कागदावरचा माल गोदामात खरोखर आहे का, हे बघायला आमच्यासारख्या कॉस्ट अकाउंटंटना पाठवतात. त्यामुळे बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे गुजरात सरकारच्या औद्योगिक वसाहतीत, अशी गल्ली क्वचितच उरली असेल, जिथे मी तांब्याच्या पट्ट्या, पितळी सळया, ट्रान्सफॉर्मरसाठी कापलेले पत्रे आणि भंगाराचे ढीग मोजले नाहीत. बँकेला माणसांची मोजणी नको असते. ती मी आपली माझ्यापुरती करते. मस्टरवर आठ-दहा नावं असतात आणि शेडमध्ये पंचवीस माणसं दिसतात, बाकीची ठेकेदाराची. शेठ चहा मागवतात आणि सांगतात, "बेन, माल आता तिप्पट काढतो. माणसं तेवढीच." सांगताना चेहऱ्यावर अभिमान असतो आणि तो खोटा नसतो. कर्ज काढून संगणकावर चालणारं सीएनसी मशीन आणायचं, ते अंगावर न येता चालवायचं, हप्ते फेडायचे, हे येरागबाळ्याचं काम नाही.

हे वाक्य इतक्या शेडमध्ये ऐकलं आहे की भारतातल्या कारखानदारीच्या साठ-सत्तर वर्षांचा गोषवारा मला त्यात दिसायला लागला आहे. माल वाढला, यात शंकाच नाही. औषधं, ट्रॅक्टर, मोटारी, आगगाडीचे डबे हे सगळं आपण बनवतो आणि बाहेर विकतोही. पण देशाच्या एकूण उत्पन्नात कारखानदारीचा वाटा बघायला गेलं, तर १९६० च्या सुमारास तो १५ टक्क्यांच्या आसपास होता, नव्वदच्या दशकात १७ च्या घरात गेला आणि आता १३-१४ च्या आसपास घुटमळतो आहे. चीनचा आजही २५ च्या आसपास आहे, बांगलादेशाचा २० च्या पुढे. २०११ च्या राष्ट्रीय उत्पादन धोरणानं ठरवलं होतं की २०२२ पर्यंत हा वाटा २५ टक्क्यांवर न्यायचा आणि दहा कोटी नवे रोजगार उभे करायचे. २०१४ मध्ये 'मेक इन इंडिया'च्या सिंहाबरोबर २५ चा आकडा पुन्हा मिरवला गेला. २०२२ येऊन गेलं. कामाला लागलेल्या दर शंभर माणसांत कारखानदारीत अकरा-बारा आणि शेतीत छेचाळीस, असं २०२३-२४ च्या सरकारी पाहणीचं चित्र आहे.

या प्रश्नावर डोकं खपवलेली फार मोठी माणसं आमच्या गावातून गेली आहेत, हे बडोदेकरांच्या फारसं ध्यानात नसतं. दादाभाई नौरोजी १८७४ साली मल्हारराव गायकवाडांचे दिवाण होते. रेसिडेंटाशी, म्हणजे दरबारातल्या इंग्रज प्रतिनिधीशी, खटके उडाले, दरबारातले हितसंबंध आडवे आले आणि ते थोड्याच काळात सोडून गेले. इंग्रज या देशाची संपत्ती कशी उपसून नेतात, याचा हिशेब त्यांनी आयुष्यभर मांडला. हिंदुस्थानचा आर्थिक इतिहास दोन खंडांत लिहिणारे रमेशचंद्र दत्त १९०४ मध्ये इथे महसूलमंत्री म्हणून आले, १९०९ मध्ये दिवाण झाले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात इथेच वारले. विलायतेत आपल्या कापडावर जबर जकात आणि इथे त्यांच्या कापडाला मोकळं रान, यात विणकर कसा बसला, हे त्यांनी आकड्यांनिशी दाखवलं होतं. पुढे पॉल बायरॉक या अभ्यासकानं अंदाज बांधला, की जगाच्या एकूण कारखानी उत्पादनात या उपखंडाचा वाटा १७५० मध्ये सुमारे २५ टक्के होता आणि १९१३ पर्यंत दीड टक्क्याच्या खाली आला. अंदाजच आहे, त्यावर वाद आहेत, पण घसरणीची दिशा कोणी नाकारत नाही.

तिसरे आले ते डॉ. आंबेडकर. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियात शिकून १९१७ च्या सप्टेंबरात ते संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, आणि या शहरानं त्यांना राहायला खोली दिली नाही. कमाटीबागेतल्या ज्या झाडाखाली ते बसले होते, ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते. पुढच्याच वर्षी त्यांनी शेतीच्या तुकड्यांवर एक निबंध लिहिला. तुकडे जोडून शेती सुधारेल, असं तेव्हा सगळे म्हणत होते. बडोदे संस्थाननंही त्यावर समिती नेमलेली होती. आंबेडकरांनी प्रश्न फिरवला: जमीन लहान आहे हे दुखणं नाही, तिच्यावर गरजेपेक्षा जास्त माणसं बसून आहेत हे दुखणं आहे, आणि ती माणसं उचलून घ्यायला उद्योगधंदे हवेत. शंभर वर्षं होऊन गेली. २०१८-१९ मध्ये शेतीवर साडेबेचाळीस टक्के माणसं होती. कोविडमध्ये गावी परतलेल्यांमुळे आकडा वाढला आणि नंतरही तो खाली उतरला नाही. अर्थशास्त्राच्या वर्गात हा निबंध पहिल्या दिवशी शिकवायला हवा असं मला वाटतं. आम्हाला तो कधीच कोणी शिकवला नाही.

पण कारखान्याचं दार उघडलं तरी आत कोण जाणार, हा प्रश्न आंबेडकरांना अर्थशास्त्रज्ञांपेक्षा आधी दिसला होता. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात घेत नसत, कारण तुटलेला धागा तोंडानं ओढून जोडावा लागे. आणि पगार चांगला होता तो त्याच खात्यात.

सयाजीरावांचं म्हणाल, तर त्यांना कारखान्यांचा ध्यास होता. १९०२ मध्ये अहमदाबादला काँग्रेसच्या अधिवेशनाबरोबर भरलेल्या औद्योगिक प्रदर्शनाचं उद्घाटन त्यांनी केलं, तेव्हा संस्थानिकाच्या तोंडी शोभेल असं गोडगोड न बोलता त्यांनी उद्योगांवर लांबलचक भाषण केलं. १९०७ मध्ये अलेम्बिक निघाली, १९०८ मध्ये बँक ऑफ बडोदा. पण माझ्या मते त्यांचं सगळ्यात धाडसाचं काम त्याआधीचं: १८९० मध्ये उघडलेलं कलाभवन.

कलाभवनामागे डोकं होतं त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांचं. सुरतच्या सुतार घराण्यातले, रसायनशास्त्राचे प्राध्यापक. हे तेच गज्जर, ज्यांनी मुंबईतल्या व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला फासलेलं डांबर काढून दाखवलं. डांबर फासलं होतं पुण्याच्या चापेकरांनी. एकानं काळं केलं, दुसऱ्यानं गोरं केलं, आणि देशभक्त दोघेही! तर या गज्जरांची कल्पना अशी होती, की रंगारी, विणकर, सुतार, लोहार यांच्या मुलांना यंत्रयुगातलं शास्त्र त्यांच्याच भाषेत शिकवायचं. इंग्रजी येत नाही म्हणून रसायनशास्त्र अडायला नको. त्यासाठी गुजराती-मराठीत पुस्तकं तयार करायची आणि महाराजांनी त्यासाठी पैसे दिले. रंगकाम, विणकाम, सुतारकाम, यंत्रकाम, चित्रकला असे विभाग होते. दादासाहेब फाळके याच कलाभवनात शिकले.

आमचे आजोबाही तिथलेच. ब्राह्मणाचा मुलगा सुताराच्या शाळेत कसा, असं घरात कुजबुजलं गेलं म्हणे, पण संस्थानात नोकरी लागली आणि कुजबुज थांबली. ते ड्राफ्ट्समन झाले, बांधकाम खात्यात. त्यांची कंपासपेटी अजून माझ्याकडे आहे. आजोबांच्या हातात पेन्सिल आली, पटाशी नाही, आणि कलाभवनाचं पुढे जे झालं ते याच वाटेनं झालं असं मला वाटतं. ज्या कारागिरांसाठी दार उघडलं होतं, त्यांच्या आधी दारातून आम्ही शिरलो. लिहिता-वाचता येणारे, अर्ज करता येणारे, नोकरीच्या शोधात असलेले. १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ झालं आणि कलाभवन त्याची तंत्रज्ञान आणि अभियांत्रिकी शाखा बनलं. शिक्षण इंग्रजीत, पदवी इंजिनिअरची. उत्तम कॉलेज आहे, माझे बाबा तिथून केमिकल इंजिनिअर झाले, वाईट बोलायची माझी हिंमत नाही. पण रंगाऱ्याच्या मुलासाठी काढलेल्या शाळेत रंगाऱ्याचा मुलगा आता बारावीच्या गुणांवर, इंग्रजीतून, स्पर्धेत टिकला तर जाणार.

देशानंही नेमकं हेच केलं. १९५१ मध्ये खरगपूरची आयआयटी निघाली. कारागिरांसाठी आयटीआय त्याच सुमारास सुरू झाल्या, पण आयआयटीत मुलगा गेला की पेढे वाटतात आणि आयटीआयत गेला की "बघू, पुढे डिप्लोमा करेल" असं सांगतात. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांनी अवजड उद्योगांवर भर दिला: पोलाद, यंत्रं, रसायनं. त्यामागे तर्क होता. यंत्रं बनवणारी यंत्रं आपल्याकडे नसतील, तर जन्मभर विकतच घेत बसू. पण अवजड उद्योगाला भांडवल भरपूर लागतं आणि माणसं मोजकी. लोकांना मोठ्या संख्येनं काम देणारं कापड, चपला, खेळणी, डबे-बाटल्या हे सगळं लहान उद्योगांच्या नावानं बाजूला ठेवलं गेलं.

बडोदं हे या धोरणाचं लाडकं बाळ. १९६० मध्ये अंकलेश्वरला तेल लागलं, १९६५ मध्ये रशियाच्या मदतीनं कोयलीची रिफायनरी सुरू झाली, १९६७ मध्ये खत कारखान्यातून माल निघू लागला, १९६९ मध्ये आयपीसीएल ही सरकारी पेट्रोकेमिकल कंपनी स्थापन झाली. बाबा खत कारखान्यात होते. आम्ही फर्टिलायझरनगरमध्ये वाढलो. ज्यांनी अशी टाउनशिप पाहिली नाही त्यांना सांगून कळायचं नाही. रुंद रस्ते, दवाखाना, शाळा, क्लब, बागेत कारंजं, गणपतीत नाटक. शिफ्टच्या बस ठरल्या मिनिटाला निघायच्या. सत्तर-ऐंशीच्या दशकात आमच्या मराठी मंडळींत लग्नाच्या पत्रिकेवर फर्टिलायझर, रिफायनरी किंवा आयपीसीएल यातलं एक नाव असलं, की गुण जुळलेच म्हणून समजा. दांडिया बाजारातल्या एखाद्या वाड्यात दोन मुलं अशा नोकरीत असली की वाड्याचा भाव वधारायचा!

एकदा शाळेतून आम्हाला प्लांट बघायला नेलं होतं. मला आठवतात ते आभाळापर्यंत गेलेले पाइप, अमोनियाचा नाकात चढणारा वास, आणि माणसांचा शुकशुकाट. एवढा मोठा पसारा आणि माणूस म्हणाल तर कंट्रोल रूममध्ये चार. बाबा सांगायचे, कारखाना जितका मोठा, माणसं तितकी कमी. तीच तर इंजिनिअरिंगची कमाल. त्यांचं खरं होतं. अमोनिया हातानं बनत नाही. रासायनिक कारखान्यात गर्दी करून काही उपयोग नसतो. पण कोयली, छाणी, बाजवा या गावांच्या जमिनी गेल्या, तिथल्या सगळ्या मुलांना त्या गेटातून आत घेणं या कारखान्यांना कधीच शक्य नव्हतं. बरेचसे आले ते माळी, हेल्पर, कँटीन आणि 'शटडाउनचे लेबर' म्हणून.

मग बाकीच्यांनी जायचं कुठे? मकरपुऱ्याला. १९६२ मध्ये जीआयडीसी स्थापन झाली आणि राज्यभर शेड उभ्या राहिल्या. विजेच्या सामानात बडोद्यानं नाव काढलं, ज्योतीसारख्या जुन्या कंपन्यांमुळे आणि माणेज्याच्या मोठ्या कारखान्यांमुळे भोवती शेकडो लहान पुरवठादार तयार झाले. कोणी फक्त बुशिंगचे पितळी भाग करतो, कोणी पत्रे कापतो, कोणी कॉइल गुंडाळून देतो. कॉइल वाइंडिंगला बऱ्याच ठिकाणी बायका असतात. बोटं हलकी लागतात आणि वेटोळं मोजताना डोळा चुकवून चालत नाही. माझ्या पाहण्यातलं सगळ्यात कसबी काम हेच, आणि पगार हेल्परचा.

या शेड वाढल्या का नाहीत, ही खरी मेख आहे. सरकारी उत्तर आपल्याला पाठ आहे: लायसन्स-परमिट राज. १९५१ च्या कायद्यानं परवान्यापेक्षा जास्त माल काढणं हासुद्धा गुन्हा ठरत होता, हे आजच्या मुलांना सांगितलं तर त्यांना चेष्टा वाटते. १९६७ मध्ये ४७ वस्तू लघुउद्योगांसाठी राखीव झाल्या, ऐंशीच्या दशकापर्यंत ही यादी आठशेच्या वर गेली. म्हणजे शर्ट शिवायचा कारखाना काढा, पण मोठा करू नका. जगात कपड्यांचा व्यापार फोफावत होता तेव्हा आपण असे हात बांधून बसलो. तयार कपडे यादीतून बाहेर आले ते २००१ च्या सुमारास, आणि यादीतल्या शेवटच्या वीस वस्तू २०१५ मध्ये.

पण यादी गेल्यावरही शेड लहानच राहिल्या. त्याची कारणं मी वह्यांमध्ये पाहिली आहेत. दीड कोटीपर्यंतच्या उलाढालीला एक्साइज, म्हणजे उत्पादन शुल्क, माफ होती, त्यामुळे एकाच पत्र्याखाली तीन पाट्या लागायच्या: एक स्वतःच्या नावाची, एक बायकोच्या, एक आईच्या. आई गावी आजारी, पण कागदोपत्री लेथ मशीनच्या कारखान्याची प्रोप्रायटर. वीस माणसांवर पीएफ लागतो, म्हणून एकोणिसावर मस्टर थांबायचं. शंभर माणसांवर कामगार कमी करायला सरकारची परवानगी लागायची, आणि नव्या कामगार संहितेनं २०२५ मध्ये ही मर्यादा तीनशेवर नेली, याचा वर्तमानपत्रांत केवढा गाजावाजा झाला. शंभराचा अडथळा मोठ्या कारखान्यांना असेल. मकरपुऱ्यातला शेठ पंचवीसवरच अडकलेला, त्याला शंभरीची काय चिंता!

त्याला चिंता असते ती पैशाची. माल दिल्यापासून ४५ दिवसांत लहान उद्योगाचे पैसे चुकते करायचे, असा २००६ चा कायदा आहे. मी तपासलेल्या देण्या-घेण्याच्या याद्यांमध्ये नव्वद आणि एकशेवीस दिवसांची बिलं सर्रास असतात. वर वीज कंपन्यांकडून पैसे येत नाहीत म्हणून मोठा कारखाना थांबतो, मोठा थांबतो म्हणून शेठ थांबतो, आणि शेठ बँकेकडे येतो व्याज भरून. ज्याच्याकडे सगळ्यात कमी पैसा, तोच सगळ्यांना उधारी देतो आहे. अशा माणसानं नवीन मशीन घ्यावं, माणसं कायम करावीत, त्यांना शिकवावं, ही अपेक्षा ठेवणारे लोक बहुधा पगारदार असतात. तक्रार केली तर बिल मिळेल पण पुढची ऑर्डर मिळणार नाही, म्हणून तक्रारही होत नाही. २०२३-२४ पासून आयकराच्या कायद्यानं असं थकवलेलं देणं खर्चात धरायला बंदी केली, त्यानं थोडा धाक बसला आहे. काही मोठ्यांनी मात्र ऑर्डरच लहानांकडून काढून घेतल्या.

बांगलादेशाची एक गोष्ट मला या संदर्भात फार महत्त्वाची वाटते. १९७८-७९ मध्ये तिथल्या देश गारमेंट्स नावाच्या नव्या कंपनीनं दक्षिण कोरियाच्या देवू कंपनीशी करार केला आणि १३० माणसं पुसानच्या कारखान्यात शिकायला पाठवली. कापड कसं अंथरायचं, कापायचं, ओळीत शिवायचं, वेळेवर बोटीत कसं चढवायचं. माणसं शिकून परतली आणि पुढच्या काही वर्षांत त्यातले बहुतेक कंपनी सोडून गेले. कंपनीला हा दगाच वाटला असणार. पण ते दुसरीकडे जाऊन कारखाने काढू लागले, चालवू लागले, दुसऱ्यांना शिकवू लागले. आज त्या धंद्यात चाळीस लाखांच्या आसपास माणसं आहेत, बहुसंख्य बायका. तिथल्या इमारती कोसळल्या, आगी लागल्या, मजुरी तुटपुंजी आहे, हे सगळं मला माहीत आहे आणि त्यावर पांघरूण घालायचं नाही. पण त्या बायका गेटातून आत आहेत. गज्जरांना जे हवं होतं, हात शिकवला की धंदा पसरतो, ते ढाक्यात घडलं.

आपल्याकडे १९९१ नंतर परवाने गेले, आयात खुली झाली, आणि ज्यांनी तग धरला ते कारखाने खरोखर चांगले झाले. आयपीसीएलचे २६ टक्के शेअर २००२ मध्ये रिलायन्सनं सरकारकडून घेतले, २००७ मध्ये कंपनी विलीन झाली. त्या वर्षांत ओळखीच्या कितीतरी घरांत स्वेच्छानिवृत्तीचे हिशेब मांडले जात होते. बाप जाऊन मुलगा लागेल, ही आशा तिथे संपली. संघटित कारखान्यांतल्या कामगारांमध्ये ठेक्यावरच्यांचा वाटा या शतकाच्या सुरुवातीला वीस टक्क्यांच्या आसपास होता, आता तो चाळीसच्या वर आहे. ठेक्यावरच्या माणसाला कोणी शिकवत नाही, कारण तो अकराव्या महिन्यात जाणार असतो. तो जाणार असतो, कारण त्याला कोणी ठेवून घेत नाही.

मी रडगाणं गाते आहे असं वाटू नये म्हणून बडोद्याजवळच्या सावली गावाचं सांगते. ज्या संस्थानात १८६२ मध्ये डभोईची छोटी आगगाडी इंजिनाऐवजी बैलांनी ओढली, त्याच मुलखात सावलीला २००८ पासून मेट्रोचे डबे बनतात. दिल्ली मेट्रोचे बनले, ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या ७५ गाड्या बनल्या, दिल्ली-मेरठ मार्गावरच्या गाड्याही तिथल्याच. वेल्डिंगचा दर्जा असा की बघत राहावं. ट्रान्सफॉर्मरच्या बाबतीतही बडोद्याचा माल जगात कुठेही जाऊन उभा राहील, फक्त त्याच्या पोटातला जो खास विद्युत-पोलादी पत्रा, तो बराचसा अजून परदेशातून येतो. मी तो मोजते तेव्हा रिळावरच्या लेबलांवर जपान आणि कोरिया असतं.

आणि आता विमान. ऑक्टोबर २०२४ मध्ये टाटा आणि एअरबसच्या कारखान्याचं उद्घाटन झालं, स्पेनचे पंतप्रधान आले, शहर दिव्यांनी सजलं. हवाई दलाच्या ५६ सी-२९५ विमानांपैकी १६ स्पेनमधून तयार यायची आणि ४० इथे बांधायची, असा करार आहे. आयपीसीएलमधून निवृत्त झालेले आमच्या शेजारचे काका त्या दिवसापासून खुशीत आहेत. "अगं, गायकवाडांच्या गावात विमान!" असं ते दर रविवारी शेव-उसळ खाताना म्हणतात. माझा प्रश्न एवढाच असतो, की त्या विमानातला कोणता तुकडा मकरपुऱ्यात बनतो? काका म्हणतात, येईल हळूहळू, आणि नाही आला तर काय बिघडलं; तुझा भाचा पुण्यात कॉम्प्युटरवर बसून कमावतोच ना? देश सर्व्हिसेसवर चाललाय. हा वाद आमच्यात मिटत नाही. भाच्याचं ठीक आहे, तो आजोबांच्या पेन्सिलीच्या वाटेनं गेला. ओडिशातून, बिहारातून, दाहोदमधून मकरपुरा स्टेशनवर उतरणाऱ्या मुलाला पुण्यातल्या त्या ऑफिसात फक्त गेटवर उभं राहायचं काम आहे.

मी ज्या शेडमध्ये गेल्या महिन्यात होते, तिथे ओडिशातल्या गंजामचा एक टर्नर आहे. जुन्या लेथवर शंभरावा भाग मिलिमीटर हातानं पकडतो. आयटीआयचं प्रमाणपत्र नाही, त्यामुळे मोठ्या कारखान्याच्या फॉर्ममध्ये पहिल्याच रकान्यात अडतो. ठेकेदाराच्या यादीत तो 'अकुशल' आहे. धाकटा भाऊ गावाहून आला, त्याला मात्र यानं लेथवर आणलं नाही, मोटारसायकल घेऊन दिली. डिलिव्हरीच्या कामात जवळपास तेवढेच पैसे मिळतात, मे महिन्यात पत्र्याखाली उभं राहावं लागत नाही, आणि कंटाळा आला तर कोणाला विचारावं लागत नाही, असा त्याचा हिशेब. शेठची तक्रार आहे की आजकाल कामाला माणसं मिळत नाहीत, मुलांना काम शिकायचंच नाही. 'टर्नर पाहिजे' अशी पाटी त्यांनी गेटवर लावली आहे, गुजराती आणि हिंदीत. पगाराचा आकडा तिच्यावर लिहिलेला नाही.